जुन्या बुलेटचे इंजिन खोलणे : काही निरीक्षणे

जुनी मोटारसायकल दुरुस्त करण्याच्या विद्येची दोन अंगे मानली जातात : इंजिनाचे भाग सुटे करणे आणि ते पुन्हा जोडणे. यांपैकी जोडण्याच्या अंगावर जाणकारांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, जरी तिथवर पोहोचणाऱ्यांची संख्या बेताचीच असली तरी. उलट सुटे करण्याचा अनुभव हातात पाना धरता येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असूनही त्या अंगाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी येथे ३५० सीसी वर्गातली, कास्ट आयर्न इंजिनाची जुनी रॉयल एनफील्ड बुलेट विचारात घेतली आहे. तिची निवड करण्याचे कारण असे की ती महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला आढळते, तिचे इंजिन कोणालाही खोलता येईल इतके साधे दिसते, आणि या साध्या दिसण्यातच तिच्या बहुतेक दुर्दशेचे मूळ आहे. जे इंजिन कोणालाही खोलता येते ते आजवर कोणी ना कोणी खोललेले असतेच. त्यामुळे आज ते खोलायला बसणारा मनुष्य कारखान्याने जोडलेले इंजिन सुटे करत नसून आपल्या आधीच्या सर्व दुरुस्तीकारांची कृत्ये एकामागून एक उलगडत असतो.

बुलेट हे नाव इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीने १९३२ साली आपल्या गाडीला दिले. १९५५ मध्ये या कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एनफील्ड इंडियाची स्थापना केली, आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूर येथील कारखान्यात आधी विलायतेहून आलेले भाग जोडून व पुढे सगळे भाग येथेच घडवून गाड्या बाहेर पडू लागल्या. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, थोड्याच वर्षांत मूळ कंपनीही आटोपली. मद्रासला मात्र ही वार्ता पोहोचलीच नसावी, कारण तेच इंजिन किरकोळ फेरफारांसह तेथे २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत राहिले. जी रचना इंग्लंडात संग्राहकांच्या गॅरेजात जाऊन बसली ती भारतात सैन्य, पोलीस आणि दूधवाले यांच्या हाताखाली रोज कामावर जात होती. या इंजिनात ७० मिलिमीटर व्यासाचा एकच पिस्टन ९० मिलिमीटर अंतर वर-खाली करतो. पिस्टन ज्या नळकांड्यात धावतो ते, म्हणजे मेस्त्री ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात ते, बिडाचे असते, त्यावरचे ‘हेड’ ॲल्युमिनियमचे असते आणि गिअरबॉक्स हा वेगळा डबा इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी आवळलेला असतो. एवढ्या माहितीवर पुष्कळांनी काम सुरू केले आहे.

इंजिन खोलण्याचा निर्णय सहसा आवाजावरून घेतला जातो. मेस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावतो, मुठीकडचा भाग कानाला टेकवतो आणि डोळे मिटतो. ही तपासणी शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे, कारण पोलादातून आवाज हवेपेक्षा कितीतरी चांगला वाहतो आणि कोणत्या जागी ठोका पडतो हे अनुभवी कानाला नेमके कळते. तपासणीनंतर मालकाला जे सांगितले जाते ते महाराष्ट्रभर एकाच वाक्यात सांगितले जाते : ‘साहेब, काम निघालंय.’ या कामाचे दोन प्रकार आहेत. हेड, ब्लॉक आणि पिस्टन एवढेच उतरवले तर ते ‘हाफ इंजिन’ होय, आणि खालचा क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टला पोटात घेऊन बसलेला दोन अर्धुकांचा डबा, फोडला तर ते ‘फुल इंजिन’ होय. काम नेहमी हाफ इंजिनाचे ठरते व फुल इंजिनाचे होते, आणि या दोहोंच्या मधले अंतर ‘आता एवढं खोललंच आहे तर’ या सात अक्षरी नव्हे, पण सात जन्म पुरणाऱ्या वाक्याने पार केले जाते. खोललेल्या इंजिनासमोर बसलेल्या माणसाला जो भाग ठीक आहे तोही संशयास्पद दिसू लागतो, हा या वाक्याचा मानसशास्त्रीय पाया होय.

हेडपर्यंत पोहोचण्यासाठी जे भाग आधी काढावे लागतात त्यांच्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा बेंड पाइप, प्लग, डीकॉम्प्रेसरची केबल आणि रॉकरकडे तेल नेणारी बारीक बाहेरची नळी हे सगळे तासाभरात निघते व त्यामुळे मालकाला आपल्या कौशल्याविषयी जो विश्वास वाटू लागतो तो पुढच्या टप्प्यासाठी आवश्यकही असतो. टाकीतले पेट्रोल आधी काढून ठेवावे, हे बहुतेकांना टाकी तिरकी झाल्यावर सुचते.

खरा प्रश्न नटांपाशी उभा राहतो, आणि त्याचे स्वरूप समजण्यासाठी १८४१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने असा विचार मांडला की प्रत्येक कारखान्याने आपापल्या मर्जीचे आटे पाडल्यामुळे देशात गोंधळ माजला असून सर्वांनी ५५ अंशांच्या कोनाचे एकच प्रमाणित आटे स्वीकारावेत. विचार उत्तम होता व तो इंग्लंडाने स्वीकारला. फक्त पुढे त्याच्या शेजारी अधिक बारीक आट्यांची बीएसएफ ही दुसरी पद्धत आली, सायकलवाल्यांनी आपली तिसरी आणली, आणि सायकलींपासून सुरुवात केलेल्या मोटारसायकल कंपन्यांनी तिन्ही पद्धती एकाच इंजिनात गुण्यागोविंदाने नांदवल्या. व्हिटवर्थ पान्यावर जो आकडा कोरलेला असतो तो पान्याच्या तोंडाचा नसतो व नटाच्या डोक्याचाही नसतो, तर नटाच्या आतून जाणाऱ्या बोल्टाच्या जाडीचा असतो. म्हणून पाव इंच असा छाप असलेल्या पान्याचे तोंड मोजले तर ते अर्ध्या इंचाहून थोडे अधिक भरते. शिवाय पाव इंची व्हिटवर्थ बोल्टाचे आणि पाच सोळांश इंची बीएसएफ बोल्टाचे डोके एकाच मापाचे असल्यामुळे एकाच पान्याच्या एकाच तोंडावर दोन वेगवेगळे आकडे कोरलेले आढळतात व दोन्ही बरोबर असतात. इंग्रजांनी जगावर राज्य कसे केले याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ज्यांना हा पाना रोज वापरता येत होता त्यांना इतर गोष्टी सोप्या वाटल्या असल्यास नवल नाही.

भारतात या पेचाला आणखी एक पदर आहे. संसदेने दशमान वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये केला, म्हणजे एनफील्ड इंडियाची स्थापना होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. देश मिलिमीटरकडे निघाला आणि बुलेटचे नट इंचातच राहिले. पुढे काही ठिकाणी मिलिमीटरचे नटही आले, पण कोणत्या ठिकाणी हे बाहेरून कळण्याची सोय नाही. नाक्यावरच्या गॅरेजात मिळणारे पाने अर्थातच मिलिमीटरचे असतात. वर उल्लेखिलेल्या पाव इंची व्हिटवर्थ नटाचे डोके सुमारे १३.३ मिलिमीटर भरते, त्यामुळे १३ चा पाना त्यावर बसत नाही आणि १४ चा पाना बसतो पण गरकन फिरतो; पाच सोळांश इंची व्हिटवर्थ नटाचे डोके १५.२ मिलिमीटर भरते व तेथे हीच कथा १५ आणि १६ यांच्या बाबतीत घडते. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या बुलेटांचे नट षटकोनी असण्याऐवजी गोल का असतात, याचे उत्तर या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांत आहे. मेस्त्र्यांच्या निष्काळजीपणाला याबद्दल जो दोष दिला जातो तो अन्यायाचा आहे. निष्काळजीपणाची सुरुवात नट गोल झाल्यानंतर होते.

गोल झालेला नट काढण्याच्या पद्धतींवरून दुरुस्तीकारांची घराणी ओळखता येतात. छिन्नी घराण्याचे अनुयायी नटाच्या कडेला तिरपी छिन्नी लावून हातोडीच्या ठोक्याने तो फिरवतात. या घराण्याचा प्रसार सर्वाधिक असून त्याच्या खुणा नटाच्या अंगावर कायमच्या राहतात, इतक्या की त्यांच्या खोलीवरून ठोका मारणाऱ्याचा त्या दिवशीचा स्वभावही सांगता येतो. पाइप पाना घराणे नटाला दातेरी जबड्यात पकडते व नट फिरला नाही तरी त्याचे उरलेसुरले कोपरे नाहीसे करण्याची हमी देते. वेल्डिंग घराणे सर्वांत अर्वाचीन व सर्वांत प्रभावी होय : तुटलेल्या किंवा गुळगुळीत झालेल्या बोल्टाच्या तोंडावर ते नवा नट ठेवून वेल्डिंगने जोडून टाकते आणि त्या नटाला पाना लावते, आणि हे बहुधा साधते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड आधीच सुटलेली असते. या तिन्हींहून जुने आणि तात्त्विकदृष्ट्या श्रेष्ठ असे एक चौथे घराणे आहे, जे नटावर डिझेल किंवा रॉकेल सोडून उद्या येतो म्हणते. त्याचे अनुयायी कमी आहेत, कारण मालक समोर उभा असतो.

या घराण्याच्या श्रेष्ठत्वाला भौतिक आधार आहे. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते आणि त्यामुळे आट्यांमधली केसाएवढी जागाही तो ठासून भरतो. पातळ तेलाला तेथे झिरपायला वेळ लागतो व त्याला घाई करता येत नाही. जोर न लावता काम साधण्याचा दुसरा मार्ग उष्णतेचा आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून ॲल्युमिनियमच्या घरात बसलेले पोलादी बेअरिंग हातोडीने हलत नसले तरी ते घर शंभर अंशांच्या आसपास तापवल्यावर आपणहून खाली गळून पडते. हे तत्त्व समजलेला मालक क्रँककेसचे अर्धुक उकळत्या पाण्यात ठेवण्यासाठी मोठे पातेले शोधू लागतो, आणि घरात तेवढे मोठे पातेले एकच असते, व ते कुळधर्माच्या पुरणाचे असते. या टप्प्यावर अनेक प्रकल्प तांत्रिक नसलेल्या कारणांमुळे थांबले आहेत.

हेडचे नट एकाच बाजूने न सोडता समोरासमोरचे, थोडे थोडे करून आणि इंजिन पूर्ण थंड असताना सैल करावेत, असा नियम आहे, कारण एरवी ॲल्युमिनियमचे हेड पिळवटते आणि मग ते ब्लॉकवर सपाट बसत नाही. नट सुटले तरी हेड सुटतेच असे नाही. अशा वेळी नट काही आटे वर ठेवून, प्लग पुन्हा जागेवर बसवून किक मारावी. आत कोंडलेली हवा दाबली जाऊन हेडला खालून उचलते. ही युक्ती जुन्या मेस्त्र्यांची असून तिच्यात इंजिनाकडूनच इंजिन खोलून घेतले जाते. ज्यांना ती माहीत नाही ते हेड आणि ब्लॉक यांच्या फटीत पेचकस घालतात. पेचकस हे स्क्रू फिरवण्याचे हत्यार असून तरफ नव्हे, हे सर्व ग्रंथांत नमूद आहे आणि कोणत्याही गॅरेजात मान्य नाही.

हेड निघाल्यावर सांध्यात जे सापडते त्यावरून मागील दुरुस्तीचा काळ ठरवता येतो. दोन धातूंच्या मधून तेल झिरपू नये म्हणून कागदाचा किंवा तशाच दबणाऱ्या पदार्थाचा जो थर घालतात त्याला पॅकिंग म्हणतात. तयार पॅकिंग न मिळाल्यास जाड कागद भागाच्या कडेवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकत गेले की कडेच्या मापाचा कागद आपोआप कापला जातो, आणि ही कारागिरी खरोखर पाहण्याजोगी असते. कागद कोणता वापरावा याविषयी मात्र शास्त्र उदार आहे. टायमिंगच्या झाकणाखाली लग्नपत्रिकेचे पॅकिंग निघाल्यास कुलस्वामिनीचे नाव, वधूपित्याचे गाव आणि मुहूर्त एवढी माहिती एका दमात हाती येते व त्या इंजिनाची मागची दुरुस्ती अमुक वर्षीच्या वैशाखानंतरची आहे असे खात्रीने म्हणता येते. हेडला असा कागद चालत नाही, कारण तेथील उष्णतेत तो जळून जातो. तेथे जळालेला कागद सापडला तर तोही एक ऐतिहासिक पुरावाच असून त्यावरून कालाऐवजी कर्त्याची कुवत ठरवता येते.

ब्लॉक वर उचलताना पिस्टन एका हाताने धरावा लागतो, नाहीतर तो आडवा होऊन क्रँककेसच्या काठावर आदळतो. आणि ब्लॉक थोडा वर येताच क्रँककेसच्या तोंडात फडके कोंबावे लागते. या फडक्याचे महत्त्व गजन पिन काढताना कळते. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी ही पोकळ पोलादी पिन असून ती बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेच्या खुल्या कड्या, म्हणजे सर्क्लिप, खाचेत बसवलेल्या असतात. सर्क्लिप पक्कडीने दाबली की ती उडते. ती दोनच ठिकाणी जाते असे आढळले आहे : फडके नसेल तर क्रँककेसच्या आत, आणि फडके असेल तर अशा ठिकाणी की जेथे ती सापडण्याऐवजी त्या गाडीशी संबंध नसलेले, आजवर हरवलेले दुसरे काहीतरी सापडते. पहिल्या प्रकारात हाफ इंजिनाचे फुल इंजिन तत्काळ होते. निघालेली सर्क्लिप पुन्हा वापरू नये, ती नवीच घालावी, असा नियम असल्यामुळे हरवलेल्या सर्क्लिपचा शोध हा वस्तुतः निरर्थक असतो. तरीही तो घेतला जातो, त्यासाठी इमारतीतल्या पार्किंगमध्ये उभे असलेले सर्व प्रेक्षक गुडघ्यांवर येतात, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना एकत्र आणणारे याहून प्रभावी निमित्त वार्षिक सभेलाही साधलेले नाही.

निघालेले भाग ठेवण्याच्या पद्धतीत गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे. पूर्वी मेस्त्रीचा हाताखालचा पोऱ्या सगळे भाग रॉकेलच्या एकाच घमेल्यात टाकी आणि कोणता नट कोठला हे मेस्त्रीच्या डोक्यात राही. हल्लीचा हौशी मालक श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो आणि प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतो. दोन्ही पद्धतींत फरक एवढाच की पहिलीत माहिती माणसाबरोबर गावी जाते आणि दुसरीत ती ज्या छायाचित्रात असावी त्यात नेमका अंगठा आलेला असतो. या सर्वांहून खात्रीची एक रीत आहे : पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकाच्या जागी खोचून ठेवावा, म्हणजे लांब व आखूड स्क्रूंची अदलाबदल होत नाही. लांब स्क्रू आखूड भोकात आवळला तर तो समोरचे ॲल्युमिनियम फोडून बाहेर येतो, आणि तेथून पुढे त्या जागी एम-सीलचे राज्य सुरू होते.

उजव्या बाजूचे टायमिंगचे झाकण काढल्यावर दातेरी चाकांची एक मांडणी दिसते. क्रँकशाफ्टवरचे लहान चाक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या चाकांना फिरवते, आणि कोणता दात कोणासमोर यावा यासाठी त्यांच्यावर ठिपके व रेघा कोरलेल्या असतात. या खुणा जुळवून, पाहून, शक्य तर स्वतः रंगवून मगच चाकांना हात लावावा. याच शाफ्टच्या टोकाला एक मळसूत्री नट असतो, त्याला वर्म म्हणतात. तो दोन कामे करतो, चाकाला जागेवर धरतो आणि आपल्या आडव्या दात्यांनी तेलाचे पंप चालवतो. क्रँक उजवीकडून पाहिला असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तेव्हा पंपाची ओढ या नटाला नेहमी उलट दिशेने अडवत राहते. नेहमीचे आटे असते तर तो चालता चालता सैल झाला असता, म्हणून त्याचे आटे उलटे पाडलेले आहेत आणि तीच ओढ त्याला आणखी घट्ट करते. रचनेतला हा विचार अत्यंत सुरेख आहे आणि त्याची दाद फार थोड्यांनी दिली आहे. बाकीच्यांनी नट निघत नाही म्हणून पान्याला हातभर लांबीचा पाइप लावला आहे, दोघांनी मिळून जोर केला आहे, आणि शाफ्टचे आटे गेल्यावर ‘जाम झाला होता’ असे सांगितले आहे. छिन्नी घराण्याचा मुक्काम या जागी आवर्जून असतो. वर्मवर छिन्नीच्या खुणा नसलेली जुनी बुलेट मिळाली तर तिचा मागचा मालक तरी शहाणा होता किंवा ती कधी दुरुस्तच झालेली नाही.

क्रँककेसची दोन अर्धुके वेगळी झाली की सुटे करण्याची विद्या संपते. यानंतर ब्लॉक लेथवाल्याकडे जातो. तो आतून झिजलेले नळकांडे खरवडून थोडे मोठे करतो व वीस किंवा चाळीस ‘थाऊ’, म्हणजे इंचाचे सहस्रांश, मोठा पिस्टन आणायला सांगतो. पुढचे भाग कधी मुंबईहून, कधी पुण्याच्या जुन्या बाजारातून येतात, काही येत नाहीत, आणि दरम्यान डबे पार्किंगमधून बाल्कनीत व बाल्कनीतून माळ्यावर जातात. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘इंजिन खोललेले आहे, सर्व पार्ट सोबत’ अशी जी गाडी विकायला असते ती याच टप्प्यावरची असते, आणि बंद पडलेल्या पण न खोललेल्या गाडीपेक्षा तिला कमी किंमत येते. कारण ‘सर्व’ या शब्दावर अनुभवी गिऱ्हाइकाचा विश्वास नसतो.

तेव्हा ज्यांची बुलेट चालू आहे आणि फक्त थोडा आवाज करते त्यांनी पुढच्या रविवारी दुसरे काही काम काढावे. आणि ज्यांनी हेड आधीच उतरवले आहे त्यांनी ब्लॉक उचलण्यापूर्वी फडके घ्यावे, वर्म घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडवावा व पुरणाचे पातेले विचारून घ्यावे.